महाबळेश्वरमधील हिमकण

महाबळेश्वरमधील हिमकण म्हणजे सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर या गिरिस्थानी, विशेषतः वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात, हिवाळ्यातील काही मोजक्या पहाटे गवतावर, पानांवर, मोटारींच्या टपांवर व नौकाविहाराच्या धक्क्यावर दिसणारा गोठलेल्या दवाचा पांढरा थर होय. ही बर्फवृष्टी नव्हे. आकाशातून येथे हिम पडत नाही. रात्री जमलेले दव जागच्या जागी थिजते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, उत्तरेकडून थंड व कोरड्या हवेची लाट दख्खनपर्यंत उतरली की हा प्रकार घडतो. पर्यटकांना तो कौतुकाचा वाटतो. स्ट्रॉबेरी उत्पादकांना मात्र तो एका रात्रीत फुलोरा घालविणारा वैरी ठरू शकतो. थंडीपासून जमीन, वाट वा पीक वाचविण्यासाठी पृष्ठभाग तापविणे परवडते काय, हा शीत प्रदेशांतील घरमालकांचा नेहमीचा प्रश्न महाबळेश्वरात अशा रीतीने शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो.

नाव व संज्ञा

वृत्तपत्रांतून या घटनेसाठी ‘हिमकण’ व ‘दवबिंदू गोठले’ असे दोन्ही शब्दप्रयोग आढळतात. ‘हिमकण’ हा शब्द सुटसुटीत असला, तरी त्यामुळे हिम पडल्याचा समज होतो, हा त्याचा दोष. शास्त्रीय लेखनात ‘तुहिन’ ही संज्ञा वापरली जाते. हवेतील बाष्प द्रवरूप न होता थेट स्फटिकरूपाने पृष्ठभागावर जमते, तेव्हा खऱ्या अर्थाने तुहिन तयार होते. त्याचे स्फटिक पिसासारखे व नाजूक असतात. आधी दव पडून मग ते गोठले, तर गोल, पारदर्शक मण्यांसारखे कण दिसतात. वेण्णा तलावाकाठी बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार आढळतो, कारण तलावामुळे तेथील हवेत ओलावा पुरेसा असतो. त्या अर्थाने ‘गोठलेले दव’ हेच वर्णन अधिक अचूक होय. जुन्या मराठीतील ‘दहिवर’ हा सुंदर शब्द दवासाठी असून तो आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे.

स्थान व हवामान

महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर वसले आहे. परिसरातील सर्वांत उंच ठिकाण म्हणजे विल्सन पॉइंट, उंची सुमारे १,४३९ मीटर. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८-२९ च्या सुमारास येथे आरोग्यधाम वसविले गेले व त्यावरून गावाला माल्कमपेठ हे नाव पडले. वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधविला. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. हिवाळा मात्र कोरडा, निरभ्र व सुखद असतो. जानेवारीतील नेहमीचे किमान तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. म्हणजे सरासरीच्या हिशेबाने येथे पाणी गोठण्याचे काहीच कारण नाही. तरीही काही रात्री ते गोठते, आणि याचे उत्तर भूरचनेत आहे.

कारणे

निरभ्र रात्री जमीन, गवत, पत्रा असे सर्व पृष्ठभाग आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकीत असतात. आकाशात ढग असतील तर ते त्यातील बराचसा भाग परत पाठवितात. हवा दमट असेल तरीही प्रारणाला अटकाव होतो. थंडीच्या लाटेत आकाश स्वच्छ व हवा कोरडी असल्याने हा अटकाव उरत नाही. अशा रात्री दर चौरस मीटरमागे साधारण ६० ते १०० वॅट इतकी उष्णता निघून जाते. वारा पडलेला असेल, तर वरच्या थरातील उबदार हवा खाली मिसळत नाही आणि जमिनीलगतचा थर झपाट्याने गार होतो. परिणामी नेहमीच्या उलट स्थिती निर्माण होते, म्हणजे खाली थंड व वर उबदार हवा. यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात.

गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळून सखल भागात साचते. वेण्णा तलाव व लिंगमळा हे भोवतीच्या टेकड्यांच्या मानाने खोलगट भाग आहेत. त्यामुळे गावातील बाजारपेठेत थंडी सुसह्य असताना दोन-तीन किलोमीटरांवर तलावाकाठी दव गोठलेले असते. ‘जितके उंच तितके थंड’ हा शाळेत शिकविला जाणारा नियम येथे रात्रीपुरता उलटा होतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वेधशाळेचा आकडा आणि ‘शून्य अंश’

दर हिवाळ्यात एक वाद हटकून होतो. भारतीय हवामान विभागाच्या महाबळेश्वर केंद्रावर किमान तापमान ८ किंवा ९ अंश नोंदले जाते, आणि त्याच दिवशीच्या बातमीत वेण्णा तलावावर पारा शून्यावर गेल्याचे म्हटलेले असते. कोणीतरी खोटे बोलत आहे, असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत, प्रारणापासून संरक्षित असतो. तो हवेचे तापमान दाखवितो. गवताचे पाते किंवा मोटारीचा टप उघड्या आकाशाखाली असतो आणि शांत रात्री तो भोवतीच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होऊ शकतो. त्यात वेधशाळा व तलाव यांच्या जागेचा फरक मिळवावा. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मात्र ‘महाबळेश्वरचे तापमान शून्य अंश’ असे लिहिणे चूक होय. ‘वेण्णा तलावाकाठी दव गोठले’ इतकेच विधान निर्विवाद असते.

तलावाचे पाणी गोठल्याचीही अफवा अधूनमधून पसरते. तलाव गोठण्यासाठी त्यातील पाण्याच्या सर्व थरांनी आधी ४ अंशांपर्यंत उतरावे लागते, कारण गार झालेले पाणी जड होऊन खाली बसते व खालचे कोमट पाणी वर येत राहते. एखाद्या रात्रीच्या थंडीने ते साधत नाही. गोठते ते धक्क्यावरील दव.

कोणत्या वस्तूंवर कण दिसतात

हिमकण सरसकट सर्वत्र पडत नाहीत. वाळके गवत, गवताच्या गंजी, धक्क्याच्या फळ्या, मोटारींचे टप, स्ट्रॉबेरीची पाने यांवर ते आधी दिसतात. या सर्वांत समान गुण असा, की त्यांच्या अंगी उष्णतेचा साठा थोडा आणि जमिनीशी संबंध तुटलेला. फळ्यांखाली हवा खेळते. टपाचा पत्रा पातळ असतो. उलट डांबरी रस्ता दिवसभर ऊन पिऊन बसलेला असतो व खालची जमीन त्याला रात्रभर ऊब पुरविते; त्यामुळे बाजूचे गवत पांढरे झाले तरी रस्ता काळाच राहतो. घरासमोरील फरसबंद वाटेचेही तसेच. सूर्योदयानंतर तास-दीड तासात, म्हणजे साडेआठच्या सुमारास, सर्व कण विरघळतात. त्यामुळे भल्या पहाटे तलावाकाठी न पोहोचलेल्या पर्यटकाच्या वाट्याला ओले गवतच येते.

नोंदलेल्या घटना

अलीकडच्या काळात २०१८ च्या डिसेंबरअखेरीस व २०१९ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यभर तीव्र थंडीची लाट असताना वेण्णा तलाव व लिंगमळा येथे दव गोठल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. एरवीही बहुतेक हिवाळ्यांत एक-दोन पहाटे हा अनुभव येतो, तर एखादा हिवाळा कोरडाच जातो. वृत्तपत्रे अशा दिवशी महाबळेश्वरला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. उपमा आकर्षक असली, तरी काश्मीरच्या माणसाला ती ऐकून हसू येईल.

स्ट्रॉबेरीवरील परिणाम

महाबळेश्वर, पाचगणी व लगतचा वाई-जावळीचा भाग हा देशातील स्ट्रॉबेरीचा प्रमुख प्रदेश असून भारतीय उत्पादनाचा फार मोठा हिस्सा येथून येतो. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखले जाणारे भिलार हेही मूळचे स्ट्रॉबेरीचेच गाव. परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून पावसाळ्यात रोपे वाढवितात, सप्टेंबर-ऑक्टोबरात ती गादीवाफ्यांवर लावतात, आणि साधारण नोव्हेंबरअखेरपासून एप्रिल-मेपर्यंत तोडे चालतात. एकरी वीस ते पंचवीस हजार रोपे बसतात. रोपे, ठिबक, आच्छादनाचा कागद व मजुरी असा बहुतेक खर्च पहिला तोडा हाती येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. हंगामाच्या मध्यावर येणाऱ्या थंडीचे भय त्यामुळेच अधिक.

थंडी स्वतः स्ट्रॉबेरीची शत्रू नाही. गार रात्रींमुळे फळ सावकाश पिकते व गोडी धरते. घात होतो तो फुलांचा. उमललेले फूल सुमारे उणे एक अंशाला दगावते. मिटलेली कळी त्याहून अधिक थंडी सोसते आणि रोपाचा बुंधा तर पुष्कळच सोसतो. मार लागलेल्या फुलाच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्रच राहतात, पण मधला पिवळा भाग काही तासांत काळा पडतो. त्या फुलाचे फळ होत नाही, किंवा झाले तर वाकडेतिकडे होते. फुलापासून फळापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणून डिसेंबरअखेरच्या एका पहाटेचा तोटा जानेवारीच्या शेवटी तोड्यात दिसतो. रोप मरत नाही व पुन्हा फुलते. मात्र बाजारभाव चांगला असतानाचे ते दोन आठवडे परत येत नाहीत. फरसबी व बटाटा यांची पानेही अशा थंडीत करपतात. गाजर व मुळा यांना, जमिनीखाली असल्याने, फारशी झळ बसत नाही.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. फळ मातीला टेकून खराब होऊ नये म्हणून वाफ्यांवर पेंढा वा प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. ते योग्यच आहे. पण हेच आच्छादन रात्री जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, आणि आच्छादनावरील फूल उघड्या जमिनीवरील फुलापेक्षा अधिक गार होते.

तापविण्याचा खर्च

उत्तर अमेरिका, स्कँडिनेव्हिया व जपान येथील हिमप्रदेशांत घरासमोरील मोटारवाट तापविण्याची पद्धत आहे. वाटेच्या काँक्रीटखाली एकतर विजेच्या तापतारा पुरतात किंवा नळ्या पुरून त्यांतून बॉयलरचे कोमट, गोठणरोधक मिसळलेले पाणी फिरवितात. अमेरिकेत अशा वाटेच्या उभारणीचा खर्च सामान्यतः दर चौरस फुटास १२ ते २५ डॉलर सांगितला जातो. म्हणजे सुमारे ५०० चौरस फुटांच्या, दोन मोटारी उभ्या राहतील एवढ्या वाटेस ६ ते साडेबारा हजार डॉलर. यातील मोठा भाग तारेचा वा नळीचा नसून जुने काँक्रीट फोडणे, नवे ओतणे, बॉयलर, विद्युतजोडणी व संवेदक यांचा असतो. म्हणून वाट नव्याने बांधतानाच ही सोय केली तर ती पुष्कळ स्वस्त पडते. टोरांटो किंवा शिकागोकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्याच्या सकाळी फावड्याने हिम उपसण्याचा अनुभव असतोच. या सोयीची किंमत त्यांना त्या कष्टाशी तोलावी लागते.

चालविण्याचा खर्च वेगळा. अशा यंत्रणेची क्षमता साधारण दर चौरस मीटरला ३०० ते ५०० वॅट धरतात. ५० चौरस मीटरच्या वाटेस ४०० वॅटच्या हिशेबाने २० किलोवॅट लागतात, आणि दहा तास चालविल्यास २०० युनिट वीज जळते. युनिटला १० रुपये धरल्यास एका रात्रीचे २,००० रुपये. हा भार साध्या सिंगल फेज जोडणीवर चालत नाही. ही क्षमता इतकी का लागते, ते बर्फाच्या सुप्त उष्णतेवरून कळते. एक किलो बर्फ वितळण्यास ३३४ किलोज्यूल लागतात. १५ सेंटिमीटर ताजे हिम म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १५ किलो पाणी. ५० चौरस मीटरवरील तेवढे हिम वितळण्यासच सुमारे ७० युनिट खर्ची पडतात, हवेत व जमिनीत वाया जाणारी उष्णता निराळी.

आता महाबळेश्वरचा हिशेब मांडू. एका रात्रीत पडलेले दव दर चौरस मीटरला फार तर पाव किलोच्या आसपास असते. ते २०० ग्रॅम धरले, तर ५० चौरस मीटर अंगणातील सर्व हिमकण वितळविण्यास एक युनिटही लागत नाही. ते काम सूर्य फुकट करतो. खर्च असतो तो वितळविण्याचा नव्हे, तर रात्रभर पृष्ठभाग गोठू न देण्याचा: प्रारणाने जाणारे ८० वॅट भरून काढण्यास त्याच अंगणाला सहा तासांत २४ युनिट लागतील. अंगणासाठी असा खर्च करण्यात काही अर्थ नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे वाट गोठतच नाही. शेतासाठी प्रश्न खरा आहे, आणि उत्तर निराशाजनक. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यास ८० वॅटप्रमाणे ३२० किलोवॅटहून अधिक शक्ती व सहा तासांत सुमारे १,९४० युनिट लागतात. युनिटला ५ रुपये धरले तरी एका एकराचे एका रात्रीचे ९,७०० रुपये झाले, आणि तापलेली हवा वर निघून जाते ती वेगळीच. एवढा जोडभार उचलणारे रोहित्र शेतावर कोठून आणावे?

जेथे उष्णता आधीच फुकट वाहून जात असते, तेथे मात्र हे गणित बदलते. आइसलँडमधील रेक्याविक येथे घरे तापवून बाहेर पडलेले भूगर्भीय कोमट पाणी पदपथांखालून नेतात. अमेरिकेत ओरेगॉनमधील क्लॅमथ फॉल्स येथे १९४८ पासून भूगर्भीय उष्णतेने रस्त्याचा भाग तापविला गेला, तर मिशिगनमधील हॉलंड या गावी १९८८ पासून वीजकेंद्राच्या टाकाऊ उष्णतेवर रस्ते व पदपथ हिममुक्त ठेवतात. महाबळेश्वरात ना गरम पाण्याचे झरे, ना वीजकेंद्र.

प्रचलित उपाय

विजेवाचून उष्णता मिळविण्याचा सर्वांत चतुर मार्ग पाण्यातच आहे. पाणी गोठताना तीच ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. तुषारसिंचनाने ताशी ३ मिलिमीटर पाणी पिकावर सतत पडत राहिले आणि ते गोठत गेले, तर दर चौरस मीटरला सुमारे २७५ वॅट उष्णता मिळते. फूल बर्फाच्या कवचात राहूनही शून्याखाली जात नाही. परदेशातील स्ट्रॉबेरी मळ्यांत हा उपाय रूढ आहे. अडचणी दोन. एकराला ताशी सुमारे १२ हजार लिटर, म्हणजे सहा तासांत ७० हजारांहून अधिक लिटर पाणी लागते. आणि मध्येच पंप बंद पडला तर ओल्या फुलावरील पाण्याचे बाष्पीभवन होऊन पीक कोरड्या पिकाहून अधिक गार होते, कारण बाष्पीभवनास गोठण्याच्या साडेसात पट उष्णता लागते. रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल तेथे हा उपाय न केलेला बरा. शिवाय महाबळेश्वर भागात सिंचन मुख्यतः ठिबकाचे आहे.

सोपा व टिकाऊ उपाय म्हणजे झाकण. न विणलेल्या हलक्या कापडाचे आच्छादन सायंकाळी वाफ्यांवर ओढले की जमिनीची ऊब आत राहते आणि पृष्ठभागाचे तापमान एक-दोन अंशांनी अधिक राखले जाते. उमललेल्या फुलाच्या बाबतीत एवढे दोन अंश पुरेसे ठरतात. सकाळी ते काढावे लागते, अन्यथा मधमाश्यांना फुलांपर्यंत पोहोचता येत नाही. खर्च एकदाच होतो, कापड काही हंगाम पुरते. मजुरी मात्र रोजची. आदल्या दुपारी जमीन ओलावणे हाही उपयुक्त मार्ग आहे, कारण ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठविते. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही वीस अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पहाटे ठिबक चालू करण्याचा लाभ होतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत हेच करतात, आणि बागेत शेकोट्याही पेटवितात.

धुराविषयी मात्र गैरसमज आहे. धूर ढगासारखा आडोसा करतो, अशी समजूत खेड्यापाड्यांत रूढ असली तरी धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीच्या प्रारणाला ते फारसे अडवू शकत नाहीत. फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा व तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. म्हणून एक मोठा भडका करण्याऐवजी अनेक लहान शेकोट्या ठेवणे हिताचे. मोठ्या आगीची उष्ण हवा उबदार थर फोडून वर निघून जाते व भोवतालची गार हवा आत ओढली जाते.

पावसाशी तुलना

हवामानापासून संरक्षणासाठी महाबळेश्वरकर खरा पैसा खर्च करतात तो थंडीसाठी नव्हे, पावसासाठी. पूर्वी पावसाळ्याआधी बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधण्याची पद्धत होती. आता त्यांची जागा बहुतांशी प्लॅस्टिकने व पत्र्याने घेतली आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात येथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींमुळे बंद पडला. त्या एका दिवसाच्या पावसाचे वजन दर चौरस मीटरला ५९४ किलो भरते. गोठलेल्या दवाचे पाव किलो.